नवरदेवाच्या मित्रांना काय द्यायचं

नानांना एखादी वस्तू दाखवली, की ते आधी वस्तूकडे बघत नसत, दाखवणाऱ्याकडे बघत. नवं पेन असो, नवा मोबाईल असो, काहीही असो. आपल्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हळूच खाली हातावर यायची, मग वस्तूवर, आणि तिथून पुढे ती कुठे जायची ते कुणालाच कळत नसे. डोळे उघडे, मान किंचित कलती, ओठांवर अर्धवट हसू. स्टाफरूममध्ये याला 'नानांची गाडी सुटली' असं म्हणत. पाच-दहा मिनिटांनी गाडी परत येई आणि नाना म्हणत, "चांगली आहे. पण तुमच्या दिवसात ही बसेल कुठे, सर?"

धुळ्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. मी तिथे शिकवायला लागलो तेव्हा माझं वय सव्वीस आणि त्यांची पन्नाशी उलटलेली. तरी ते मला 'सर'च म्हणत. किडकिडीत अंग, पांढरा शर्ट, डावा पाय जरासा आखूड. त्यामुळे चालताना दर पावलाला कुणाला तरी मान तुकवून नमस्कार करताहेत असं वाटे. दुपारी तास नसला की ते एक लोलक खिडकीत ठेवत आणि समोरच्या भिंतीवर पडलेला रंगांचा पट्टा कपाटाच्या कडेपर्यंत सरकेस्तोवर बघत बसत. कुणी विचारलं, "काय चाललंय नाना?" तर म्हणायचे, "काही नाही, ऊन चाललंय."

संध्याकाळी ते आग्रा रोडवर दुकानं बघत हिंडत. घेत काहीच नसत. एकदा भांड्यांच्या दुकानासमोर त्यांना पापड भाजायच्या एका चिमट्याकडे टक लावून उभं असलेलं मी पाहिलं. मला घाई होती. भाजी घेऊन मी अर्ध्या तासाने त्याच रस्त्याने परत आलो, तर नाना तिथेच.

"कुणासाठी बघताय नाना?"

"चिमटा सापडलाय," ते म्हणाले, "माणूस शोधतोय."

नानांनी लग्न केलं नव्हतं. पण त्यांनी जेवढी लग्नं बघितली तेवढी क्वचितच कुणी बघितली असतील, आणि तीही मांडवातल्या खुर्चीवरून नाही, नवरदेवाच्या पाठीमागून. तरुणपणी गल्लीत, गावात, कॉलेजात कुणाचंही लग्न निघालं की नवरदेवामागे नाना. फेटा सैल झाला, बूट चावला, अंतरपाटामागे घाम फुटला, की नवरदेवाने नुसता हात मागे करायचा. त्या हातात लागेल ते यायचं. रुमाल, पिन, पाण्याचा पेला, लवंग.

त्याबद्दल लोकांनी जे जे दिलं ते सगळं त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होतं. एकदा त्यांनी मला ते उघडून दाखवलं. टॉवेल-टोप्यांच्या थप्प्या, देवाचं चित्र असलेली भिंतीवरची घड्याळं, वाळून गेलेल्या अत्तराच्या बाटल्या, कधीच न उघडलेली पाकिटं. एका स्टीलच्या पेल्यावर तर नवरा-नवरीच्या नावाखाली नानांच्या ऐवजी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं.

"हे कुणाला देऊन का टाकत नाही?" मी विचारलं.

"न बघता दिलेलं आहे, सर. ते मी पुढे ढकललं तर मीही न बघता देणारा झालो. इथपर्यंत आलंय, आता इथेच थांबू दे."

मग त्यांनी खालच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला चपलांचा एक जोड काढला. झिजून कागदासारखा झालेला. डाव्या चपलेचा तळ उजवीपेक्षा बोटभर जाड होता. तोही एका लग्नातलाच. गावाकडचा मित्र होता, दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारा. विहिरीजवळच्या चिखलात नानांची पावलं उमटली होती, ती त्याने ज्वारीचं ताट मोडून त्या काडीने मोजली आणि चांभाराला नेऊन दिली. नानांना पत्ताच नाही. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून घेताना त्याने हा जोड पुढे केला.

"माझा पाय आखूड आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं," नाना म्हणाले. "पण माझी कंबर दुखते, हे त्याच्या एकट्याच्या लक्षात आलं."

एवढं बोलून त्यांची गाडी सुटली. मी कपाट लावून घेतलं आणि निघून आलो.

माझं लग्न ठरलं ते जळगावच्या मुलीशी. हॉस्टेलवरचे माझे तीन मित्र लग्नात माझ्यासोबत उभे राहणार होते. तिघांना एकाच रंगाचे कुर्ते शिवायला टाकले होते, आणि हल्ली देतात तशी प्रत्येकाला एक भेटही द्यायची होती. मी मोबाईलवर सेंटचे खोके पसंत केले होते, वर प्रत्येकाचं नाव छापून मिळणारे. मधल्या सुट्टीत मी ते नानांना दाखवले. त्यांनी सवयीप्रमाणे आधी माझ्याकडे बघितलं.

"तिघं एकसारखे आहेत का, सर?"

"छे, तीन तऱ्हांचे तिघं."

"मग खोके एकसारखे कसे?"

मी हसलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करतात ते?"

"दात घासत असतील, नाना."

"आणि मग? दुपारी जेवतात कुठे? झोप लागते का? हात कुठे दुखतो?" ते थांबले. "शोकेसमध्ये बसणारी वस्तू कुणीही देतो. लग्नाला अडीच महिने आहेत ना? एकेकाकडे एकेक दिवस राहून या. काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं."

मी गेलो. खरं सांगायचं तर नानांचं मन राखायला गेलो.

पहिला प्रशांत. वरणगावला फॅक्टरीत नोकरीला, तिथेच जवळ बायकोसोबत भाड्याने राहायचा. मी पोचलो तेव्हा त्याची रात्रपाळी संपली होती आणि तो झोपायच्या खटपटीत होता. खोली पूर्वेची. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. ती उन्हाने पिवळी पडून फाटली होती आणि प्रत्येक फटीतून उजेडाची सुरी आत आली होती. प्रशांत डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पडला होता. दर दहा मिनिटांनी कूस बदलायचा. दुपारी उठला तेव्हा त्याचे डोळे लालभडक. मला म्हणाला, "झोप मस्त झाली." मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो. तो चिडका आहे असंच आम्ही सगळे म्हणायचो.

नानांनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खिडकी किती रुंद?" ते मी मोजलं नव्हतं. प्रशांतच्या बायकोला गुपचूप फोन करून माप मागवलं. मग नाना मला पाचकंदीलला कापडाच्या दुकानात घेऊन गेले. एकेक ठाण ते दारात उन्हात नेत, कापड स्वतःच्या तोंडावर ओढून घेत आणि तसेच उभे राहत. येणारीजाणारी माणसं थबकून बघत होती. दुकानदार कावराबावरा.

"इथे अजून सकाळ आहे," कापडाच्या आतून नाना म्हणाले. दुसरं ठाण. "इथे चार वाजले." तिसरं. "दिवे लागले." पाचव्या ठाणाला ते इतका वेळ गप्प उभे राहिले, की मी जाऊन कापड बाजूला केलं. नाना डोळे मिटून हसत होते.

"इथे रात्र झाली, सर. हेच घ्या."

दिवसा झोपणाऱ्या माणसाला आम्ही रात्र शिवून दिली. जाड, गडद निळ्या कापडाचे दोन पडदे.

दुसरा भूषण, जळगावचा. औषधांची बॅग घेऊन दिवसभर मोटारसायकलवर दवाखान्यांच्या वाऱ्या. त्याच्यामागे बसून मी एक दिवस हिंडलो. चैत्र लागायचा होता तरी रस्ता तव्यासारखा तापलेला. भूषणच्या बाटलीतलं पाणी अकरा वाजताच चहाइतकं गरम झालं होतं, आणि तो ते तोंड वाकडं करून औषधासारखं पीत होता. नानांनी त्याच्यासाठी छागल शिवून घेतली. पूर्वी बैलगाडीला, जीपला पाण्याची कापडी पिशवी टांगलेली असायची, वारा लागला की पाणी गार करणारी, तीच. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याला अजून ती शिवता येत होती. छागल बघून भूषण पोट धरून हसला. महिन्याने त्याचा फोन आला. गुडघ्यावर थेंब थेंब गार पाणी ठिबकतं म्हणाला, त्यासाठी आता मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातो.

तिसरा किशोर.

"तिसऱ्याचं काय?" नानांनी विचारलं.

"त्याला काही नको." माझा आवाज चढला होता. "साखरपुड्यालाही आला नाही तो. आदल्या दिवशी नुसता मेसेज, 'काम निघालं भो'."

"कसलं काम?"

मला माहीत नव्हतं. किशोरचा दर आठवड्याला फोन यायचा. अर्धा तास नुसत्या नकला, चेष्टा, हॉस्टेलच्या आठवणी. हसून हसून माझं पोट दुखायचं. त्यात कामाचं कधी निघालंच नव्हतं.

"मग तुमचा राग अजून कच्चा आहे, सर," नाना म्हणाले. "जाऊन या."

न कळवता मी शिंदखेड्याला गेलो. घराच्या पुढच्या खोलीत किशोरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मला बघून तो उभा राहिला, हसला, आणि हसता हसता एकदम थांबला. तेवढ्यात पडद्यामागून हाक आली, "किशोऱ्या!"

"आठेच शे, आबा!" किशोर ओरडला. इथेच आहे.

पाच मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा, "किशोऱ्या!" पुन्हा, "आठेच शे, आबा!" दिवसभर हे चाललं. हातातल्या मोबाईलवरून नजर न काढता किशोर उत्तर द्यायचा, श्वास घेतल्यासारखं.

आबा म्हणजे त्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. आई आधीच गेलेली. किशोरचा आवाज आला नाही की आबा घाबरायचे, उठायला बघायचे आणि पडायचे. दोनदा पडले होते. शेजारची अक्का तासभर बसायची, त्यापुढे आबा तिच्या अंगावर पेला फेकायचे. म्हणून किशोरने बाजारातलं दुकान सोडून घरात मांडलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी तो इस्त्रीचे कपडे घालून दारापर्यंत आला होता आणि तिथून परत फिरला होता.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू, भो? फोनवर तू हसायचास. या घरात आठवड्यातून तेवढंच हसू यायचं. त्यात हे कशाला घालायचं?" मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो म्हणाला, "लग्नाला नाही जमणार रे. आत्ताच सांगून ठेवतो. ऐनवेळी नको."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. माझ्या शेजारी कुणी बसलं होतं की नाही, ते आठवत नाही.

सोमवारी हे नानांना सांगितलं. ते भिंगं पुसत होते. हातातलं भिंग तसंच धरून त्यांची गाडी सुटली ती तास संपल्याची घंटा झाली तरी परतली नाही. शेवटी म्हणाले, "याला वस्तू चालायची नाही."

"मग काय?"

"बघू."

त्यानंतर कितीदा विचारलं तरी 'बघू'. एकदा फक्त, "शिंदखेड्यात घर कुठे म्हणालात?" एवढं विचारलं. नानांनी हात टेकले असं मी समजलो आणि माझा मीच किशोरसाठी एक मनगटी घड्याळ घेऊन ठेवलं. त्या दिवसांत रविवारी नाना घरी सापडत नसत. त्यांचं माझ्याशी काही बिनसलंय असंही मला वाटून गेलं. पत्रिका दिली तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. हळद किती वाजता, मिरवणूक किती वाजता, कुठल्या मंदिरापासून. मी म्हटलं, "सकाळी सातला गाडी कॉलेजच्या फाटकावर येईल. पुढची सीट तुमची." त्यांनी मान हलवली. ती होकाराची, असं मी धरून चाललो.

लग्नाच्या दिवशी फाटकावर नाना नव्हते. त्यांचा फोन बंद होता. आम्ही अर्धा तास थांबलो आणि निघालो.

जळगावला पोचेपर्यंत माझं तोंड उतरलं होतं. प्रशांत, भूषण कुर्ते घालून तयार. तिसरा कुर्ता हँगरवर लोंबत होता. तो मला काढवेही ना आणि बघवेही ना. मारुतीच्या मंदिरापासून उघड्या जीपमध्ये माझी मिरवणूक निघाली. बँड सुरू झाला. उन्हात फेटा सैल होऊन कपाळावर आला आणि माझे हात हार सावरण्यात गुंतलेले. तेवढ्यात मागून कुणीतरी फेटा नीट बसवला आणि कानाशी म्हणालं, "मान ताठ ठेव ना, भो."

किशोर होता. तो तिसरा कुर्ता अंगात घालून.

"तू? आणि आबा?"

"नाना आहेत ना."

"कोण नाना?"

"तुमचे नाना! सहा रविवार येताहेत. तुला माहीतच नाही?"

बँडच्या आवाजात किशोरने मला ओरडून ओरडून सांगितलं. पहिल्या रविवारी नाना बंद पडलेला मोबाईल घेऊन दुकानात आले. तो दुरुस्त झाला तरी उठेनात. मग विचारून आत गेले आणि आबांच्या खाटेजवळ नुसते बसले, काही न बोलता. आबांनी पेला फेकला. नानांनी तो उचलला, पाण्याने भरला आणि परत आबांच्या डाव्या हाताशी ठेवला. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी आबांनी विचारलं, "कोन शे तू?" पाचव्या रविवारी किशोर दोंडाईच्याला जाऊन तीन तासांनी परत आला, तर नाना काहीतरी सांगत होते आणि आबा ऐकता ऐकता झोपले होते.

"आज पहिल्या गाडीने आले. मला म्हणाले, 'जा. संध्याकाळपर्यंत मी आहे. वाटेतून फोन करायचा नाही.'"

सुरुवातीला किशोर जीपच्या कडेला हात धरून नुसता चालत होता. दुसऱ्या हातात मोबाईल, अंगठा त्याच्यावर. दोन चौक तसाच चालला. मग एकदम त्याने तो मोबाईल प्रशांतच्या खिशात कोंबला आणि बँडपुढे गेला. हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये नाचायचा तसा नाचला. दोन वर्षांचं साठवलेलं नाचला. कुर्ता भिजून पाठीला चिकटला, चपला कुठे गेल्या त्याचं भान नाही, माझ्या सासरची म्हातारी माणसं गच्चीवरून वाकून त्याला बघत होती. मांडवात तो माझ्या पाठीमागे उभा राहिला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला सारखं वाटत राहिलं की या लग्नासाठी सगळ्यात जास्त हिंडला तो माणूस यातलं काहीच बघत नाहीये. पंगतीत वरण-बट्टी पोटभर खाऊन किशोर चारला निघाला. मी घेतलेलं घड्याळ त्याने हसत मनगटात घातलं, पण ते द्यायला माझा हात नीट पुढे झाला नाही.

सुट्टीनंतर कॉलेजात गेलो. नाना खिडकीत लोलक पुसत होते. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी घाईघाईने पाय मागे घेतले.

"काय केलंत दिवसभर तिकडे?"

"काही नाही, सर. गप्पा मारल्या. तुमची पत्रिका होती जवळ."

त्यापुढे एक शब्द नाही. किती खोदलं तरी नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत नाहीच. त्यांचे शिंदखेड्याचे रविवार मात्र चालूच राहिले. आता किशोर त्या दिवशी मित्रांकडे जातो, सिनेमा बघतो, नदीवर जातो.

लग्नानंतर महिन्याभराने मी बायकोला घेऊन शिंदखेड्याला गेलो. आबा उशीला टेकून बसले होते. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला. बोलणं जड, शब्द अडखळत येणारे.

"तू... नवरदेव! मी दखं ना तुले. घोडावर बठेल व्हता."

मी तुला पाहिलं, घोड्यावर बसला होतास. बायकोने माझ्याकडे बघितलं. घोडा नव्हताच, जीप होती.

"बठ्ठा गाव उनथा," आबा सांगू लागले. सगळं गाव आलं होतं. पांढरा घोडा, त्याच्या कपाळावर आरसा. रस्त्यावर कुणीतरी पाणी शिंपडलेलं, म्हणून धूळ नव्हती. मंदिराजवळ थोडं आभाळ आलं होतं, बरं वाटलं. मग अकरा वाजता बँड. एकेक गोष्ट ते मधे थांबून, आठवून सांगत होते, स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सांगतो तसं. मला शिंदखेड्याच्या त्या खोलीतली दुपार दिसायला लागली. पत्र्यावर तापलेलं ऊन, खाटेजवळ खुर्ची, एका हातात माझी पत्रिका, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि नानांचा तो संथ आवाज, आत्ता हे होतंय, आत्ता ते होतंय.

"आबा," माझी बायको पुढे सरकून म्हणाली, "माझी साडी कोणती होती?"

आबांनी डोळे मिटले. "हिरवी. मोराना रंगनी."

तिची साडी गुलाबी होती. "बरोब्बर," ती म्हणाली.

पडद्यापलीकडे दुकानात किशोरचं खुडबुडणं थांबलं होतं.

"आणि आमचा किशोर काय करत होता, आबा?" मी विचारलं.

"मना किशोऱ्या?" आबांनी पडद्याकडे बघितलं. हाक मारली नाही. "काय नाचना, काय नाचना!"

आणि तो कसा नाचला ते आम्हाला दाखवायला त्यांनी आपला चांगला हात वर उचलला, आणि बराच वेळ, पलीकडून बँड ऐकू येत असल्यासारखा, तो हात हवेत नाचवत राहिले.